तेल काढायला पाणी किती लागतं? आधी विचारा, कोणतं पाणी

जमिनीतून तेल काढणाऱ्या कंपन्या तेलापेक्षा पाणीच जास्त उपसतात. जगभराचा ढोबळ हिशेब असा, की एक बॅरल तेलामागे साधारण तीन बॅरल पाणी वर येतं. बॅरल म्हणजे १५९ लिटर. विहीर जुनी होत गेली की हे प्रमाण आणखी बिघडतं. शंभर बॅरल उपशात पंचाण्णव बॅरल पाणी आणि जेमतेम पाच बॅरल तेल, अशा विहिरीही वर्षानुवर्षं चालू ठेवतात, कारण त्या पाच बॅरलांतून खर्च भागून वर काहीतरी उरतं. एकट्या अमेरिकेत २०१७ साली तेल आणि वायूच्या विहिरींतून सुमारे २४ अब्ज बॅरल पाणी बाहेर आलं.

त्यामुळे ‘तेलाला पाणी फार लागतं’ असं कोणी म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कोणत्या पाण्याबद्दल बोलताय? एक पाणी बाहेरून आणावं लागतं: नदीचं, भूजल, कधी समुद्राचं. दुसरं तेलाबरोबर खडकातून आपण होऊन वर येतं; त्याला या लेखात उपशाचं पाणी म्हणू. पहिलं हवं असतं आणि ते शेतीला, गावांनाही हवं असतं. दुसरं कोणालाच नको असतं. कंपन्यांच्या अहवालात या दोन्ही पाण्यांची बेरीज-वजाबाकी इतक्या सफाईने एकत्र केलेली असते, की वाचणाऱ्याला नेमकं काय वाचलं ते कळतच नाही. हे दोन हिशेब वेगळे ठेवले की बाकीचा विषय बराच सोपा होतो.

खडकात काय असतं

तेलाचं जमिनीखाली तळं वगैरे नसतं. वाळूच्या किंवा चुन्याच्या खडकाच्या कणांमध्ये बारीक छिद्रं असतात, त्यांत तेल भरलेलं असतं. हे खडक बहुतेक करून प्राचीन समुद्रांच्या तळाशी साचलेले, म्हणून त्या छिद्रांत मुळात खारं पाणी होतं. तेल मागाहून खालच्या थरांतून सरकत आलं, हलकं असल्यामुळे वरच्या भागात जाऊन बसलं आणि वरच्या घट्ट थराखाली अडकलं. पाणी खाली राहिलं, शिवाय तेलाच्या भागातही कणांभोवती थोडं चिकटून राहिलं. तेल उपसायला लागलं की खालचं पाणी वर सरकतं. सुरुवातीला जवळजवळ शुद्ध तेल देणारी विहीर काही वर्षांत पाणी ओकू लागते ती यामुळे.

हे पाणी साधं खारट नसतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेलाच्या खडकांतल्या पाण्यात काही ठिकाणी त्याहून कमी असतात, तर काही ठिकाणी लिटरमागे दोनशे-तीनशे ग्रॅमपर्यंत जातात. सोबत बेरियम, स्ट्रॉन्शियम, बोरॉन, विरघळलेले बेंझिनसारखे पदार्थ आणि काही भागांत किरणोत्सारी रेडियमही असतं. ‘स्वच्छ करा आणि वापरा’ हे सांगणं सोपं आहे, पण कोणत्या खडकाचं पाणी त्यावर सगळं ठरतं.

मग वरून आणखी पाणी का ओततात?

खडकातल्या तेलावर मूळचा दाब असतो. विहीर खोदली की त्या दाबाने तेल वर येतं. उपसा होत जातो तसा दाब उतरतो आणि उपसा मंदावतो. एवढ्यावरच थांबलं तर खडकातलं बहुतेक तेल खडकातच राहतं; कित्येक तेलक्षेत्रांत दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे मजल जात नाही. म्हणून काही विहिरींतून खाली पाणी सोडतात. त्याने दाब टिकतो आणि तेल उपसाविहिरीकडे ढकललं जातं.

ही युक्ती कोणी मुद्दाम शोधून काढलेली नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या, टाकून दिलेल्या विहिरींत वरच्या थरांतलं पाणी झिरपायचं. पाणी शिरलं की विहीर वाया गेली, असा तेव्हा समज होता, आणि तेलथरात पाणी सोडायला त्या राज्यात बंदी होती. पण अशा गळक्या विहिरींच्या शेजारच्या विहिरी जास्त तेल देतात हे काहींच्या लक्षात आलं. जॉन कार्ल या भूवैज्ञानिकाने १८८० सालीच लिहून ठेवलं होतं, की पाण्याने तेल ढकलणं शक्य असावं. लोक चोरून पाणी सोडत राहिले, आणि शेवटी १९२१ मध्ये कायद्याने परवानगी मिळाली. तिथल्या ब्रॅडफर्ड क्षेत्राचं उत्पादन १८८१ मध्ये शिखरावर जाऊन कोसळलं होतं. पाण्याच्या जोरावर १९३०च्या दशकात ते पुन्हा वर आलं.

आज जगातली बहुतेक मोठी क्षेत्रं याच पद्धतीवर चालतात. सौदी अरेबियाच्या घवारमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून समुद्राचं पाणी प्रक्रिया करून वाळवंटातून नळाने आणतात आणि क्षेत्राच्या कडांनी खाली सोडतात. मुंबई हायमध्येही समुद्राचंच पाणी जातं. राजस्थानच्या मंगला क्षेत्रात खाऱ्या भूजलाचा वापर होतो, जे पिण्याच्या कामाचं नाही. गोड्या पाण्यावरचा भार हटवायचा सर्वांत सरळ मार्ग हाच आहे: जिथे खारं चालतं तिथे खारं वापरा. यात शोध वगैरे काही नाही, पण वाचणाऱ्या गोड्या पाण्याचा विचार केला तर बाकीचे बरेच उपाय याच्यापुढे फिके पडतात.

खारं पाणी चालवून घ्यायचं म्हणजे मात्र त्याची मिजास सांभाळावी लागते. समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असतो, त्याने नळ गंजतात. म्हणून तो आधी काढून टाकतात. त्यात सल्फेटही असतं, लिटरमागे सुमारे २,७०० मिलिग्रॅम. खडकातल्या पाण्यात बेरियम असेल तर ही दोन पाणी जिथे भेटतात तिथे बेरियम सल्फेटचा थर जमतो. तो दगडासारखा कडक असतो आणि आम्लातही सहज विरघळत नाही. उपसाविहिरीच्या नळीच्या आत तो वर्षागणिक चढत जातो. नळीचं तोंड हाताच्या मुठीएवढं होतं, मग अंगठ्याएवढं. त्या खपलीत रेडियमही अडकतं, म्हणजे काढलेला नळ भंगारात टाकायचीही सोय राहत नाही. शिवाय सल्फेटवर जगणारे जिवाणू खडकात वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात. मूळचं कमी गंधकाचं तेल त्यामुळे सडक्या अंड्यांच्या वासाचं होतं. यावर १९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या साउथ ब्रे या फलाटावर (फलाट म्हणजे समुद्रात उभारलेला तेल काढण्याचा मंच) सल्फेट गाळून काढणाऱ्या पडद्यांचा संच बसवला गेला, आणि खोल समुद्रातल्या अनेक प्रकल्पांत आता तो नेहमीचाच झाला आहे. जिवाणूंसाठी नायट्रेट सोडतात. नायट्रेटवर जगणारे दुसरे जिवाणू वाढतात आणि सल्फेटवाल्यांना हटवतात.

पाणी ओतलं की काय काय होऊ शकतं याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण नॉर्वेचं एकोफिस्क. १९६९ मध्ये सापडलेल्या या क्षेत्राचा खडक म्हणजे खडूसारखा मऊ चुनखडक. तेल निघत गेलं, दाब उतरला आणि खडक दबू लागला. १९८४ मध्ये लक्षात आलं की समुद्राचा तळच खचतोय आणि त्यावरचे पोलादी फलाट त्याच्यासोबत खाली चाललेत. १९८७ मध्ये ते फलाट जॅक लावून सहा मीटर उचलले गेले. त्याच सुमारास मोठ्या प्रमाणावर समुद्राचं पाणी खाली सोडायला सुरुवात झाली. दाब परत आला, पण खचणं मात्र लगेच थांबलं नाही, कारण पाणी मुरलं की हा खडक आणखी मऊ पडतो. तरीही सुरुवातीला या क्षेत्रातून सतराएक टक्के तेल निघेल असा अंदाज होता, तो पाण्यामुळे पन्नास टक्क्यांच्या वर गेला. पाणी सोडू नका, असं तेलवाल्यांना सांगणं म्हणजे काय सांगणं आहे, हे या आकड्यांवरून कळतं.

पाणी मुळात वरच येऊ देऊ नका

आता हिशेबाची एक गंमत. उपशात ९५ टक्के पाणी असेल तर एक बॅरल तेलामागे १९ बॅरल पाणी उचलावं लागतं. हेच प्रमाण ९० टक्क्यांवर आणलं तर ९ बॅरल. टक्केवारीत फरक पाचाचाच, पण पाण्याचा उपसा निम्म्याहून कमी झाला! आणि पाणी उचलायला वीज लागते, तेलापासून वेगळं करायला टाक्या आणि औषधं लागतात, परत खाली ढकलायला पुन्हा वीज लागते. म्हणून वर आलेल्या पाण्याचं काय करायचं यावर डोकं खाजवण्याआधी, ते वर येतंच का हे पाहणं शहाणपणाचं असतं. या भागाकडे बाहेरच्यांचं लक्ष फारसं जात नाही, कारण जमिनीखाली झालेल्या बचतीचा फोटो काढता येत नाही.

पाणी दोन कारणांनी आगाऊपणे विहिरीत शिरतं. एक म्हणजे वाट चुकीची असते: खडकात भेग असते, एखादा थर जास्त सच्छिद्र असतो किंवा विहिरीच्या नळाबाहेरचं सिमेंट फाटलेलं असतं. ओतलेलं पाणी तेलाला न ढकलता थेट त्या वाटेने पलीकडच्या विहिरीत पोचतं. अशा वेळी विहिरीत उपकरणं सोडून पाणी कोणत्या खोलीवरून येतंय ते शोधतात आणि तेवढाच भाग सिमेंटने, प्लगने किंवा आत जाऊन घट्ट होणाऱ्या जेलने बंद करतात. निदान चुकलं तर पाण्याबरोबर तेलही बंद होतं, म्हणून मोजणीवर केलेला खर्च इथे वाया जात नाही.

दुसरं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी पातळ, तेल दाट. गर्दीत किडकिडीत माणूस गर्दीला न ढकलता माणसांच्या फटींतून पुढे सटकतो, तसं पाणी दाट तेलातून बोटांसारख्या फांद्या काढत निसटतं आणि तेल जागच्या जागी राहतं. यावर उपाय म्हणजे पाण्यालाच थोडं जाडं करायचं. पाण्यात पॉलिॲक्रिलअमाइड जातीचं पॉलिमर मिसळलं की त्याचा पुढचा काठ सलग सरकतो. चीनच्या डाचिंगमध्ये १९९६ पासून हे मोठ्या प्रमाणावर चालतं. मंगलातही केलं जातं. त्याच तेलासाठी कमी पाणी फिरवावं लागतं. अडचण अशी, की ही पॉलिमरं फार खाऱ्या आणि फार गरम खडकात टिकत नाहीत, आणि ती वर आली की तेल-पाणी वेगळं करणं अवघड होतं.

आडव्या विहिरींत तिसरी सोय असते. विहीर एखादा किलोमीटर आडवी जात असेल तर तिच्या टाचेकडच्या, म्हणजे ती जिथे आडवी वळते तिथल्या, भागातून द्रव जास्त जोरात खेचला जातो आणि पाणी तिथूनच आधी घुसतं. म्हणून विहिरीच्या नळावर ठरावीक अंतराने प्रवाह रोखणारे तुकडे बसवतात. नव्या पद्धतीचे काही तुकडे तर पातळ द्रव येताच स्वतःच आवळले जातात. ना तार, ना वरून हुकूम. नॉर्वेच्या ट्रोल क्षेत्रात तेलाचा थर वायू आणि पाणी यांच्या मध्ये पातळसा पसरलेला आहे, तिथे अशा तुकड्यांशिवाय निभाव लागणं कठीण होतं. तिथेच या शतकाच्या सुरुवातीला समुद्राच्या तळावर, सुमारे ३४० मीटर खोलीवर, पाणी वेगळं करून परस्पर खाली सोडणारं यंत्रही बसवलं गेलं. पाणी फलाटापर्यंत आलंच नाही तर ते उचलायचा खर्चही नाही.

कॅनडातलं टक्केवारीचं कोडं

कॅनडातल्या अल्बर्टात तेल डांबरासारखं वाळूत मिसळलेलं आहे. ते काढायच्या दोन पद्धती आहेत. वाळू वरच्यावर असेल तर खाण खणून ती गरम पाण्यात घुसळतात. खोल असेल तर एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरी पाडतात, वरचीतून वाफ सोडतात आणि वितळलेलं तेल खालचीतून उपसतात.

खाणीवाले सांगतात, आमच्या वापरातलं ८० टक्के पाणी पुन्हा फिरवलेलं असतं. ऐकायला बरं वाटतं. तरी एका बॅरलमागे अथाबास्का नदीतून आणि इतर गोड्या स्रोतांतून दोन ते तीन बॅरल पाणी नव्याने लागतंच. वाफेच्या पद्धतीत हा आकडा पाव बॅरलच्या आसपास आहे. म्हणजे टक्केवारी सांगणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच: बॅरलमागे गोडं पाणी नव्याने किती घेता? एखादी प्रक्रिया मुळात उधळी असेल तर तिचं ऐंशी टक्के परत फिरवूनही उरलेलं वीस टक्के मोठंच असतं.

खाणीतलं पाणी जातं कुठे? ते गाळाच्या तळ्यांत अडकतं. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण त्यात दशकानुदशकं तरंगत राहतात, तळाशी बसतच नाहीत, आणि प्रत्येक कण पाणी धरून ठेवतो. अल्बर्टातल्या या तळ्यांत आज १ लाख कोटी लिटरहून जास्त माल साठला आहे. २००८ मध्ये अशाच एका तळ्यावर उतरलेली १,६०० हून अधिक बदकं तेलाचा तवंग अंगाला लागून मेली, तेव्हा हा विषय जगभर गाजला.

वाफेच्या पद्धतीत खरी कसरत बॉयलरपाशी असते. साध्या बॉयलरला अगदी शुद्ध पाणी लागतं; उपशाच्या पाण्यातला सिलिका आणि कठीणपणा त्याच्या नळ्यांवर बसला तर नळी फुटते. म्हणून इथे वेगळ्या घडणीचे बॉयलर वापरतात. ते सगळ्या पाण्याची वाफ करत नाहीत, ८० टक्क्यांच्या आसपास थांबतात, आणि उरलेल्या पाण्यात क्षार वाहून जातात. पाणी थोडं गढूळ स्वभावाचं असलं तरी यंत्र चालून जातं. उरलेलं पाणी पुन्हा गाळून किंवा आटवून फिरवतात. आता काही ठिकाणी वाफेत ब्युटेनसारखा हलका विद्रावक मिसळतात, त्यामुळे तेवढ्याच तेलाला वाफ कमी लागते. इथे पाण्यापेक्षा मोठी बचत वाफेसाठी जाळाव्या लागणाऱ्या वायूची आहे, आणि मालकाला हा उपाय पटतो तो त्यामुळेच.

फ्रॅकिंग

शेल खडक इतका घट्ट असतो, की त्यातून तेल आपण होऊन वाहत नाही. पाणी, वाळू आणि थोडी रसायनं प्रचंड दाबाने आत घालून खडकाला तडे पाडतात. वाळूचे कण तडे उघडे धरून ठेवतात. एका विहिरीला साधारण ५७ लाखांपासून ६ कोटी लिटरपर्यंत पाणी लागतं, विहीर किती लांब आणि खडक कोणता त्यावर अवलंबून. हे पाणी थोड्या दिवसांत, एकदम लागतं. नदीला वर्षाच्या सरासरीत ते नगण्य दिसेल, पण उन्हाळ्यात एका ओढ्यातून एवढा उपसा झाला तर ओढा आटतो. सरासरीवर बोट ठेवून ‘आमचा वाटा एक टक्कासुद्धा नाही’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यांना महिना आणि जागा विचारावी.

इथे गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठा बदल झाला. पूर्वी घर्षण कमी करणारी रसायनं खाऱ्या पाण्यात काम करत नसत, म्हणून गोडंच पाणी लागायचं. आता क्षार सोसणारी रसायनं मिळतात. त्यामुळे शेजारच्या विहिरींचं उपशाचं पाणी, त्यातलं तेल, लोह, गाळ आणि जिवाणू काढून, तसंच खारं पुढच्या विहिरीत घालता येतं. क्षार काढायची गरज नाही, ही यातली मोठी सोय, कारण क्षार काढणंच सर्वांत महाग. टँकरऐवजी नळ टाकले की रस्त्यांवरची वर्दळही घटते.

नको असलेल्या पाण्याची विल्हेवाट

समुद्रातल्या फलाटांवरून उपशाचं पाणी बऱ्याचदा तेल काढून समुद्रातच सोडतात. ईशान्य अटलांटिकच्या देशांनी त्यात लिटरमागे सरासरी ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल असू नये अशी मर्यादा घातली आहे. जमिनीवर ही सोय नाही. तिथे पाणी बहुधा तेल नसलेल्या एखाद्या खोल थरात सोडून देतात.

ओक्लाहोमाने याची किंमत दाखवून दिली. २००९ च्या आधी तिथे ३ किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचा भूकंप वर्षाकाठी एखाद-दुसरा व्हायचा. २०१५ मध्ये असे सुमारे ९०० झाले. ३ सप्टेंबर २०१६ ला पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. लोकांनी फ्रॅकिंगला दोष दिला, पण मुख्य कारण वेगळं होतं. तिथल्या काही थरांतून तेलाबरोबर अतोनात खारं पाणी निघायचं आणि ते आर्बकल नावाच्या खोल थरात सोडलं जायचं. त्या थराखालच्या जुन्या भ्रंशांवर, म्हणजे खडकांतल्या सरकू शकणाऱ्या भेगांवर, दाब पोचला आणि ते सरकू लागले. राज्याच्या नियामकाने पाणी सोडण्यावर मर्यादा घातल्या, तेलाचे भावही उतरले होते, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत धक्के झपाट्याने कमी झाले.

उपशाचं पाणी कमी खारं असेल तर मात्र चांगल्या वाटा खुल्या होतात. ओमानच्या निम्र क्षेत्रात एका बॅरल तेलामागे दहाच्या आसपास बॅरल पाणी येतं. ते खोल थरात ढकलायला पंपांना भरपूर वीज लागायची. २०१० नंतर तिथे वाळवंटात बोरू या उंच गवताची शेकडो हेक्टर शेतं तयार केली गेली. आधी यंत्रांनी तेल काढून घेतात. मग पाणी उतारावरून, पंपाशिवाय, एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात वाहतं. बोरूच्या मुळांशी वाढणारे जिवाणू उरलेलं तेल खातात. दिवसाला १ लाख घनमीटरहून अधिक पाणी असं हाताळलं जातं. स्थलांतरित पक्ष्यांनाही ही जागा आवडली आहे. बरंचसं पाणी शेवटी तळ्यांत आटून जातं, म्हणजे ते वाचत नाही. वाचते ती वीज. पाहुण्यांना दाखवताना हा फरक कोणी फारसा सांगत नाही.

कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीत १९९०च्या दशकाच्या मध्यापासून तेलक्षेत्राचं पाणी शेतीला जातं. खडकच असा, की पाणी फारसं खारट नाही. त्यातलं उरलंसुरलं तेल काढायला अक्रोडाच्या कवचांचा भरड चुरा भरलेल्या टाक्या वापरतात. कवचाच्या पृष्ठभागावर तेलाचे थेंब धरले जातात, आणि उलटा प्रवाह सोडून ढवळलं की सहज सुटतात. चुरा कडक असल्यामुळे झिजत नाही आणि पुन्हा पुन्हा वापरता येतो. पुढे हे पाणी गोड्या पाण्यात मिसळून बदाम, पिस्ता, संत्र्यांच्या बागांना देतात. लोकांनी शंका घेतली, तेव्हा तिथल्या पाणी मंडळाने तज्ज्ञांची समिती बसवून पिकांची तपासणी करवली. पिकांमुळे खाणाऱ्याला वाढीव धोका असल्याचं त्यात आढळलं नाही. शंका घेतली हे मात्र बरंच झालं, नाहीतर तपासणी झाली नसती.

हेच टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतल्या पर्मियन खोऱ्यात करायचं म्हटलं की गाडी अडते. तिथलं पाणी समुद्राच्या तिप्पट-चौपट खारं असतं. पडद्यातून दाबाने गाळण्याची नेहमीची पद्धत लिटरमागे सत्तर-ऐंशी ग्रॅम क्षारांच्या पुढे चालत नाही, म्हणजे पाणी आटवूनच शुद्ध करावं लागतं. मग उरलेल्या मिठाच्या डोंगराचं काय, हा पुढचा प्रश्न. न्यू मेक्सिकोने २०१९ मध्ये उपशाच्या पाण्याचा स्वतंत्र कायदा केला: तेलक्षेत्रात पाणी पुन्हा वापरायला उत्तेजन, बाहेर वापरायचं असेल तर वेगळा परवाना. टेक्सासमध्येही भूकंप वाढल्याने २०२१ पासून काही भागांत खोल थरांत पाणी सोडण्यावर बंधनं आली. मग ते उथळ थरांत जाऊ लागलं, आणि तिथला दाब वाढून जुन्या, सोडून दिलेल्या विहिरींतून खारं पाणी जमिनीवर उसळल्याचे प्रकार झाले.

सध्या तिथे उपशाच्या पाण्याचा सर्वांत मोठा फेरवापर म्हणजे नव्या विहिरींचं फ्रॅकिंग. पण त्यालाही हद्द आहे. खोऱ्यात तेलाच्या एका बॅरलमागे तीन-चार बॅरल पाणी निघतं. नव्या विहिरींना त्यातलं थोडंच पाणी लागतं. आणि तेलाचा भाव पडून नवं खोदकाम थांबलं, तर ही मागणी त्या महिन्यातच आटते, तर आधी खोदलेल्या हजारो विहिरी पाणी देतच राहतात, उलट जुन्या होतील तसं तेलाच्या मानाने जास्तच. म्हणून तिथे नळ आणि साठवणतळी बांधणारे आता खोदकामाच्या वेळापत्रकाइतकंच लक्ष जुन्या विहिरींच्या पाण्याच्या टक्क्यावर ठेवतात.